शाळेसाठी पैसे मागायला जाताना आधी हिशोब घेऊन जा

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही सुटायला नको. तुमची स्वयंअर्थसहाय्यित मराठी शाळा, २१० मुलं, सरकारी अनुदान शून्य, सात वर्गांवरचे पत्रे गळतायत आणि सगळं बदलायला १४ लाख लागणार आहेत. तुम्ही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्रत्येकाने ५,००० रुपये जमा करावेत’ असा मेसेज टाकला आणि पालक भडकले, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला तर तिथं नुसते हात जोडलेले इमोजी आले, आणि आता गावातला एक मोठा माणूस एकरकमी ५ लाख द्यायला तयार आहे पण त्याची सून बीएड झालीय तिला शाळेत घ्या म्हणतोय.

मी सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातल्या अशाच एका शाळेच्या संस्थेचा २२ वर्षं खजिनदार आहे. वर्गखोल्या, मुलींची स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, कंपाउंड, सगळं लोकांच्या पैशातनं झालंय, त्यामुळे जे सांगतोय ते केलेलं सांगतोय.

पहिलं पालकांचं. तो मेसेज आजच्या आज मागं घ्या आणि स्पष्ट शब्दांत दिलगिरी व्यक्त करा. पालक चिडले ते एक झालं, पण त्यात कायद्याचाही धोका आहे. आपल्याकडे १९८७ पासून कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तर शाळेनं जाहीर केलेल्या फीव्यतिरिक्त घेतलेली देणगी किंवा वर्गणी हीच कॅपिटेशन फी अशी व्याख्या आहे, आणि कलम १३ प्रमाणे घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं, पण ‘प्रत्येकाने जमा करावेत’ या शब्दांत ऐच्छिक काहीच उरत नाही. आणि शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलांचे पालक पण त्याच ग्रुपवर आहेत ना? त्यांनी तो मेसेज वाचून काय समजायचं?

पालकांकडून घ्यायचंच नाही असं नाही, आमच्याकडे पालक देतात आणि मनापासून देतात. पण काही गोष्टी आम्ही पक्क्या पाळतो. प्रवेशाच्या वेळी आणि निकालाच्या दिवशी पैशाचा विषय नाही. वर्गशिक्षकांमार्फत मागायचं नाही, डायरीत चिठ्ठी नाही. कुणी दिले आणि कुणी नाही हे खजिनदार आणि क्लार्क सोडून शाळेत कुणालाही माहीत नसतं, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. हे मी चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा करताना एका वर्गात फळ्यावर आणलेल्यांची नावं लिहिली गेली, मला ते माहीत होतं आणि मी थांबवलं नाही. पाचवीतली एक मुलगी चार दिवस शाळेलाच आली नाही, पोट दुखतंय म्हणून घरी. तिच्या आईनं पाचव्या दिवशी येऊन माझ्यापुढं पन्नासची नोट ठेवली. ती नोट मी घेतली नाही पण ते चार दिवस काही परत देता आले नाहीत. त्यानंतर आमच्या शाळेत मुलाच्या हातून एक रुपया पण मागवला जात नाही.

आता मुख्य मुद्दा, इमोजी का आले आणि पैसे का आले नाहीत. आमच्या भागातले लोक गलाईच्या धंद्यात भारतभर पसरलेत, सोनं-चांदी आटवायची, शुद्ध करायची दुकानं, विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं तुम्हाला पार केरळपासून पंजाबपर्यंत सापडतील. ही माणसं यात्रेला गावी येतात आणि देवळासाठी हात सैल सोडून देतात, पण शाळेला द्यायची वेळ आली की ‘बघू’ म्हणतात. मला आधी याचा राग यायचा, की देवाला देता आणि लेकरांना नाही. मग एका वर्षी यात्रा कमिटीच्या बैठकीला जाऊन बसलो. तिथं पारावर सगळ्या गावापुढं मागच्या वर्षीचा हिशोब वाचला जातो, मंडप इतक्याचा, तमाशा इतक्याचा, महाप्रसादाला गूळ इतका, शिल्लक इतकी, कुणीही उठून विचारतो की गॅसच्या टाक्या एवढ्या कशा लागल्या आणि कमिटीला उत्तर द्यावं लागतं. आणि तिथंच पुढच्या वर्षीची वर्गणी बोलली जाते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की लोक देवाच्या नावावर देतात हे अर्धंच खरं आहे, गेल्या वर्षीचा रुपया कुठं गेला ते डोळ्यादेखत समजतं म्हणून देतात. आणि आमची शाळा? तिचा ताळेबंद ऑडिटरच्या कपाटात.

म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे की पैसे मागायच्या आधी हिशोब घेऊन जा. एक पान करा, एकच. मागच्या तीन वर्षांत फी किती आली, किती थकली, पगारावर किती गेले, लाईट बिल किती, तूट किती आणि ती कुणी कशी भरली. हे पान शाळेच्या गेटवर लावा आणि दर महिन्याला बदला. संस्थेतले काही लोक विरोध करतील, घरची भांडी चव्हाट्यावर कशाला म्हणतील, आमच्याकडे पण दोन बैठका याच्यावरच झाल्या. पण तीन महिन्यांनी एक पालक, भाजीचा गाडा लावणारा माणूस, ते पान वाचून आत आला आणि म्हणाला, “अण्णा, तुमी मास्तरास्नी बारा हजारच देता व्हय?” त्याला वाटत होतं शाळा म्हणजे पैशाची खाण. तो दर महिन्याला शंभर रुपये देतो, सहा वर्षं झाली, एकही महिना चुकलेला नाही.

त्याच्याही आधी, संस्थेच्या प्रत्येक विश्वस्तानं स्वतःच्या खिशातनं द्यायचं. किती ते ज्याचं त्यानं ठरवावं पण कुणीही शून्य नको. आमच्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या आठवणी अजून घराघरात सांगतात, साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रापर्यंत दिलं. रयत शिक्षण संस्थेला गावोगावच्या बायकांनी मूठ मूठ धान्य दिलं ते घरातनं आधी गेलं होतं म्हणून. तुम्ही फोन केल्यावर समोरचा एकच प्रश्न विचारणार, ‘तुम्ही किती घातले?’ त्याचं उत्तर खिशात पाहिजे.

मग १४ लाखांचे तुकडे करा. १४ लाख हा आकडा ऐकला की माणसाला वाटतं माझ्या हजारानं काय होणार. सात खोल्या म्हणजे एका खोलीला २ लाख. एका बॅचनं एक खोली घ्यायची. ४० जणांची बॅच असेल तर सरासरी ५,००० होतात, पण सरासरी तोंडावर सांगू नका, कुणी ५०० देईल कुणी २५,००० देईल, दोघांना पावती सारखीच आणि आभाराचं पत्र पण सारखंच. प्रत्येक बॅचमधला एक माणूस शोधा, हुशार किंवा श्रीमंत असायची गरज नाही, सगळ्यांच्या लग्नाला जाणारा आणि कुणाचं कुठं काय चाललंय हे माहीत असणारा पाहिजे. त्यानं फोन करायचे. मेसेज नाही, फोन. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांना असतो म्हणजे कुणालाच नसतो. फोनवर आधी आई कशी आहे, पोरं कितवीला, मग शाळा. मी स्वतः एकदा कोइमतूरला गलाईचं दुकान असलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, तो म्हणाला, “अण्णा, पत्र्याचं नंतर बघू, मी बसायचो तिथं पोरं अजून खालीच बसत्यात का?” मी खरं ते सांगितलं, हो, दोन वर्ग अजून सतरंजीवर. त्यानं ३० बाक दिले आणि पत्र्याला वेगळे दिले. वेळ पण बघा, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवाळीच्या पाडव्याला, माणूस गावात असतो तेव्हा त्याला शाळेत चहाला बोलवा आणि गळणारा वर्ग दाखवा.

आणि सगळे १४ लाख जमेपर्यंत थांबू नका, मृग लागायच्या आत विश्वस्तांच्या पैशातनं एक खोली करून टाका. मग पहिला मोठा पाऊस झाला की दोन व्हिडिओ काढा, एक नव्या पत्र्याखालची कोरडी फरशी, दुसरा शेजारच्या वर्गात ठेवलेल्या बादल्या. सोबत त्या खोलीची बिलं, पत्रे किती, अँगल किती, मजुरी किती, दोन हजार वाचले असतील तर ते कुठं ठेवले हे पण. आमच्या दुसऱ्या खोलीला पहिलीच्या निम्मा वेळ लागला.

आता कागदपत्रं, कारण चांगले पैसे इथं अडकतात. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच पाहिजे. मुख्याध्यापकांच्या किंवा एखाद्या तरुण शिक्षकाच्या नंबरावर ‘तात्पुरतं’ घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असू दे, त्याच्यावर संशयाचं ओझं टाकायचा आपल्याला हक्क नाही. संस्थेला ८०जी (देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तर देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन तेव्हाच घ्या. २,००० च्या वर रोख असेल तर त्याला सवलत मिळत नाही हे घेतानाच सांगा. आर्थिक वर्ष संपलं की ३१ मे च्या आत आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण (जुन्या कायद्यातला फॉर्म १०बीडी) भरायचं आणि देणाऱ्याला देणगीचं सर्टिफिकेट (जुना १०बीई) काढून द्यायचं, नुसती आपली छापील पावती आता चालत नाही, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये लेट फी. आणि प्रामाणिकपणे हे पण सांगा की तुम्ही नव्या कररचनेत असाल तर ८०जी चा फायदा नाही, जुन्या रचनेत सुद्धा साधारण ५० टक्के रकमेवरच वजावट आणि तीही उत्पन्नाच्या मर्यादेत. सवलतीचं आमिष दाखवून घेतलेली देणगी पुढच्या वर्षी येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे पावतीवर काय छापायचं ते सीएला विचारूनच छापा. स्मरणिका काढणार असाल तर तिच्यातली जाहिरात ही देणगी नव्हे, त्यावर ८०जी ची पावती फाडू नका, दुकानदार मागतील तरी.

परदेशातल्या विद्यार्थ्यांबद्दल जास्त सांगतो कारण इथं खूप शाळा फसतात. अमेरिकेतल्या, दुबईतल्या तुमच्या विद्यार्थ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्यानं स्वतःच्या कमाईतनं बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, तर तो परदेशी स्रोत झाला, त्यानं इथल्या खात्यातनं रुपयांत दिले तरीसुद्धा. मग संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे फक्त दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्या ठराविक खात्यातच यावे लागतात. एका बाईंनी आम्हाला प्रेमानं दीड लाख पाठवले, त्या आमच्या पहिल्या बॅचच्या, आणि पैसे आल्यावर कळलं की त्या अमेरिकन नागरिक झाल्यात. ते परत पाठवताना त्यांना फोनवर समजावून सांगणं हे माझ्या २२ वर्षांतलं सगळ्यात अवघड काम होतं, त्यांना वाटलं शाळेनं आपल्याला परकं केलं. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला आधी पासपोर्टची कॉपी मागतो आणि का मागतो ते सांगतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल पण सगळे विचारतात. मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामावर खर्चावे लागतात हे खरं, पण तुमच्या संस्थेकडे १२ए (संस्थेच्या करमाफीची), ८०जी आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची) नोंदणी पाहिजे, आणि प्रस्तावापासून चेकपर्यंत आमचं तर वर्ष गेलं. कॉम्प्युटर लॅबसाठी जा. पावसाच्या आधीच्या पत्र्यासाठी त्यावर विसंबू नका.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो, लोक भिंतीला देतात पण पगाराला देत नाहीत. भिंतीवर नाव येतं. आणि आपल्यासारख्या शाळेचं खरं दुखणं पगारच आहे, मास्तर टिकत नाहीत, दोन वर्षांत इंग्लिश मीडियमला जातात. आम्ही ‘शिक्षक मानधन निधी’ वेगळा काढला आणि सांगायची पद्धत बदलली, पगार हा शब्दच काढला नाही. सातवीचा गणिताचा वर्ग एक महिना चालवायला काय लागतं तो आकडा मांडला आणि ‘एक महिना तुमचा’ असं म्हटलं. लोक वडिलांच्या वर्षश्राद्धाला, मुलीच्या वाढदिवसाला एक महिना देतात. वर्षातले सात महिने असे भरतात, पाच अजून रिकामेच असतात.

आणि जुन्या बक्षीस ठेवी बघून घ्या. प्रत्येक जुन्या शाळेत असतात, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ ५०१ रुपये ठेव, व्याजातनं संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला बक्षीस. १९७८ साली त्या व्याजात कंपासपेटी आणि दोन पुस्तकं यायची, आज साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेबत्तीस रुपये होतात. आमच्याकडे अशा ६३ ठेवी निघाल्या. मूळ रक्कम खर्च करता येत नाही, तो कॉर्पस, म्हणजे कायम निधी आहे आणि देणाऱ्याचा शब्द आहे. आम्ही त्या घरांची यादी केली आणि एकेका घरी गेलो, जुनी पावती आणि आजपर्यंत ज्या मुलांना ते बक्षीस मिळालं त्यांची नावं घेऊन. एका म्हाताऱ्या आजींना माहीतच नव्हतं की त्यांच्या सासऱ्यांच्या नावाचं बक्षीस अजून दिलं जातं, त्यांनी ती यादी नातवाकडून दोनदा वाचून घेतली. ६३ पैकी २८ घरांनी ठेव वाढवली, आम्ही कुणालाही आकडा सांगितला नव्हता. नवीन ठेव घेताना मात्र ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं देणाऱ्याच्या सहीचं पत्र घ्या आणि ती ठेव चांगल्या बँकेत ठेवा, अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत नको. तसल्या बुडालेल्या ठेवींचे हुंदके मी ऐकलेत.

वस्तूंच्या देणगीला नाही म्हणायला शिका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा आम्ही भिलवडीकडच्या एका शाळेत मदतीला गेलो होतो. तिथं वर्गात गुडघाभर चिखल, आणि व्हरांड्यात जुन्या कपड्यांच्या गोण्यांची थप्पी, त्यात साड्या, कोट, एका पायाचे बूट. त्यांना पाहिजे होतं काय तर फावडी, पाण्याचा पंप आणि भिजलेल्या दाखल्यांच्या रजिस्टरांचं काहीतरी. आम्ही पण वह्याच घेऊन गेलो होतो, न विचारता. म्हणून आता यादी करतो आणि यादीबाहेरचं नम्रपणे नको म्हणतो.

गणवेश वाटपाचे फोटो काढू नका. पाहुणे स्टेजवर, पोरगं खाली मान घालून, मध्ये पिशवी. पोराला ते आयुष्यभर आठवतं. आमच्याकडे गणवेश दुकानातनं घरी जातो, बिल शाळेकडे येतं, देणाऱ्याला बिल आणि मुलाच्या नावाशिवाय एक पत्र. एक-दोन दाते यावर नाराज होऊन गेले, जाऊ दिले.

रद्दी, आनंद मेळावा, पणत्या विकणं हे सगळं करा, पैसे फार होत नाहीत, किलोला दहा-बारा रुपयांनी रद्दी ती किती होणार, पण आयाबाया शाळेत येतात, पत्रे बघतात.

राहिला तो ५ लाखवाला माणूस. नाव मागत असता तर मी द्या म्हणालो असतो, त्यात वाईट काही नाही. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख देऊ केले आणि आईचं नाव दिलं, ते नाव आजही आदरानंच घेतलं जातं. पण नोकरी म्हणजे मुलांच्या पुढ्यात कोण उभं राहणार हा प्रश्न आहे आणि तो विकायचा नाही. शिवाय ज्या दिवशी त्या सूनबाई रुजू होतील त्या दिवशी गेटवरच्या तुमच्या पानावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्या बिचाऱ्या खरंच चांगल्या शिक्षिका असल्या तरी स्टाफरूममध्ये त्यांना जन्मभर ‘पाच लाखवाल्या’ म्हणतील. दोघं विश्वस्त त्यांच्या घरी जा, फोनवर उरकू नका. हिशोबाचं पान द्या, सांगा की जागा निघाली की पेपरात जाहिरात देऊ, सूनबाईंनी सगळ्यांसारखा अर्ज करावा, डेमो लेसन द्यावा, आणि देणगीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आज दिली तरी आणि नाही दिली तरी. ते उठून गेले तर चहा संपवून या.

आमच्याकडे २०११ मध्ये असाच प्रस्ताव होता, रक्कम ३ लाख, आम्ही नाही म्हटलं. त्या माणसानं आजपर्यंत शाळेला एक रुपया देणगी दिलेली नाही. त्याचा नातू सध्या आमच्याच शाळेत चौथीत आहे.